घान्य मांडार

दिवाळी अंक घरात आला की तो उघडण्याची आमच्याकडे प्रत्येकाची रीत निराळी आहे. सौभाग्यवती थेट फराळाच्या पानावर जाते. नातू हास्यचित्रे शोधतो. सूनबाई राशिभविष्य वाचून "यात काही अर्थ नाही" असे म्हणते आणि पुन्हा एकदा वाचते. मी जाहिराती पाहतो. विकत घ्यावे असे आता फारसे काही उरलेले नाही. मी पाहतो ती अक्षरे. आयुष्याची पस्तीस वर्षे मुद्रितशोधनात घालवलेल्या माणसाला हे व्यसन लागतेच. लग्नपत्रिका हातात आली की वधूवरांची नावे नंतर, आधी टाइप कोणता लावला आहे ते पाहायचे. या सवयीपायी दोन-तीन लग्नांना मी चुकीच्या तारखेला जाऊन आलो आहे.

यंदा सिमेंटच्या एका जाहिरातीपाशी थबकलो. मजकूर मराठी, पण कंपनीचे नाव इंग्रजी अक्षरांत. आणि काय ती अक्षरे! काळी, भरदार, प्रत्येकाच्या पायात जणू ठोकळ्यांचे बूट. नातवाला म्हटले, "याला काय म्हणतात ठाऊक आहे का? स्लॅब सेरिफ."

त्यावर सूनबाईने स्वयंपाकघरातून घाबऱ्या घाबऱ्या विचारले, "कुठला स्लॅब पडला?"

तिचे काही चुकले नाही. मराठी माणसाचा स्लॅब डोक्यावर असतो. तो घातला की घर झाले म्हणायचे, आणि "स्लॅब पडला" ही बातमी पेढ्यांची की अँब्युलन्सची, हे सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचे. इंग्रज छापखानेवाल्यांनी मात्र हा शब्द अक्षराच्या पायाला लावला. रोमन अक्षराच्या टोकांना ज्या बारीक आडव्या रेघा असतात, त्यांना सेरिफ म्हणतात. पुस्तकाच्या टाइपात त्या नाजूक, निमुळत्या असतात. त्याच रेघा दांडीइतक्या जाड करून फळीसारख्या चपट्या ठेवल्या की झाले स्लॅब सेरिफ. तुम्ही ही अक्षरे हजार वेळा पाहिली आहेत. होंडाच्या स्कूटरवर आहेत, सोनीच्या जुन्या टीव्हीवर आहेत. टाइपरायटरवरच्या सरकारी पत्रात तर ती होतीच. कारण त्या यंत्रात 'आय'लाही 'एम'इतकीच जागा मिळायची, आणि एवढ्या जागेत बिचारा 'आय' हडकुळा दिसू नये म्हणून त्याला वर-खाली आडव्या पट्ट्या देऊन रुंद करायचे.

ही अक्षरे जन्मली ती भिंतीवर ओरडण्यासाठी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये लॉटऱ्या, नाटके आणि नाना तऱ्हेचा माल यांच्या जाहिरातींनी भिंती भरू लागल्या. तोवरचा टाइप हातभर अंतरावरून वाचायच्या पुस्तकासाठी होता. रस्त्याने घाईत जाणाऱ्याला तो दिसेना. तेव्हा ओतकामवाल्यांनी अक्षराच्या उभ्या दांड्या खाऊनपिऊन लठ्ठ केल्या, पण आडव्या रेघा केसासारख्या बारीकच ठेवल्या. झाले असे की दुरून केस दिसेनासे झाले आणि नुसते खांब उरले. मग १८१५ ते १८१७ या काळात व्हिन्सेंट फिगिन्स या लंडनच्या ओतकाऱ्याने आपल्या नमुन्यांत सगळीकडून सारखे जाड असलेले, चपट्या पायांचे अक्षर दाखवले. त्याने त्याला 'अँटिक' म्हटले. पुढे या जातीला 'इजिप्शियन' हे नाव चिकटले. नेपोलियनच्या १७९८ च्या स्वारीनंतर युरोपात मिसरी वस्तूंचे वेड पसरले होते, त्यातलाच हा प्रकार. पिरॅमिडचा आणि या अक्षरांचा संबंध इतकाच, की दोन्ही बसकी आणि हलवायला जड.

जड हे शब्दशः खरे होते. वीतभर उंचीची शिशाची अक्षरे उचलता उचलत नसत. १८२७ साली न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने ती यंत्राने लाकडात कोरायला सुरुवात केली, आणि मग अमेरिकेत सर्कशीपासून चोर पकडून देणाऱ्याच्या इनामापर्यंत सगळे याच अक्षरांत छापू लागले. लंडनच्या रॉबर्ट बेस्लीने १८४५ मध्ये 'क्लॅरेंडन' काढला. हा त्यातला सभ्य माणूस; पाय जाड, पण दांडीला हलक्या बाकाने जोडलेले. साध्या मजकुरात एखादाच शब्द ठळक उठून दिसावा यासाठी तो केला होता. बेस्लीला त्यावर तीन वर्षांचा हक्क मिळाला. मुदत संपली आणि इतरांनी नकला काढल्या.

ही सगळी विद्या मला १९६८ साली नव्हती. तेव्हा माझ्याजवळ होते फक्त एक इंग्रजी टाइपांचे नमुनापुस्तक, पुण्याच्या एका छापखान्यातली सहा महिन्यांची नोकरी आणि एकविसाव्या वर्षाचा आत्मविश्वास.

माझी आत्या बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यातल्या चकलांब्याला दिलेली. माळवदाचे घर, जाड भिंती, लाकडाच्या तुळया, त्यांवर माती. उन्हाळ्यात आत असा गारवा की झोप सोडवत नसे. तिचे बालपण निजामाच्या राज्यात गेले. कचेरीचा कारभार उर्दूत, घरात पोथी पुरुषांनी वाचायची, आणि मुलीने शिकावे असे म्हणणारे कोणी नव्हते. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य गेले. पुढे तिचा मुलगा शाळेत जाऊ लागला तेव्हा त्याच्या अंकलिपीवरून ती अक्षरे शिकली. पोरगा पाटीवर गिरवायचा आणि ही चुलीपुढे राखेत. ध म्हणजे तोंड उघडी पिशवी, म म्हणजे दार लावलेला गोठा, अशा तिच्या खुणा होत्या. वाचता यायला लागल्यापासून तिने घरात आलेला कागद न वाचता कधी चुलीत घातला नाही. हळदीची पुडी सोडली की आधी पुडीचा कागद वाचायचा, मग हळद डब्यात. एस.टी.वरची पाटी ती आपली आपण वाचून गाडीत चढायची, आणि शेजारी कोणी "ही चकलांब्याला जाती का?" असे विचारले की मोठ्या ऐटीत सांगायची, "तसंच लिवलंय की."

त्या वर्षी तिने हातातल्या पाटल्या मोडल्या आणि मुलाला धान्याचे दुकान घालून दिले. पाटी मी करून देणार, असे मीच कळवले. चार रात्री जागून खाकी कागदावर पूर्ण मापाची अक्षरे काढली. नमुनापुस्तकातला क्लॅरेंडन समोर ठेवला होता. मराठीत असे अक्षर आजवर कोणी केले नसेल, या कल्पनेने मला झोप येत नव्हती. कोणी का केले नसेल, हा प्रश्न काही सुचला नाही. प्रत्येक दांडीच्या पायाशी मी आडवा ठोकळा बसवला, शिरोरेषा चांगली चार बोटे जाड केली आणि गुंडाळी काखेत मारून दिवाळीला चकलांब्याला गेलो.

गेवराईहून पेंटर बोलावला होता. त्याने कागद जमिनीवर पसरला, उकिडवा बसून बराच वेळ पाहिला आणि विचारले, "साहेब, दांडीच्या पायात हे काय हाय? उकार हाय का?"

"उकार नाही. ही नवी पद्धत आहे."

"बरं. पर ह्यो ध जरा उघडावा लागंल."

"आहे तसे उतरवा," मी म्हणालो.

त्याने आहे तसे उतरवले. पिवळ्या पत्र्यावर काळ्या ऑइलपेंटने, दोरीला खडू लावून मारलेल्या रेघांत, एक सूतही इकडेतिकडे न होऊ देता.

पाडव्याच्या सकाळी पाटी चढली. नारळ फुटला, हळदकुंकू वाहिले. गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "वाचा की वो, तुमाला येतंय न्हवं." आत्याने पदर सारखा केला, चार पावले मागे सरली आणि पहिलीतल्या मुलासारखे एकेक अक्षर सुटे करून खणखणीत आवाजात वाचले, "घा... न्य... मां... डा... र."

हशा पिकला. हसणाऱ्यांत मी होतो. माझा आतेभाऊ लाजून म्हणाला, "आई, धान्य भांडार हाय ते." ती म्हणाली, "जे लिवलंय तेच वाचलं म्या." पण आवाज उतरला होता. दिवसभर पाटी हाच गावाचा विषय झाला. एकाने दुकानात येऊन तेलाचा घाणा कधी बसवला म्हणून चौकशी केली. पोरांनी तर सरळ "घाण" करून टाकले. आम्ही ते सगळे आत्याच्या नावावर मांडून मोकळे झालो. चार अक्षरे शिकली, पण शेवटी कच्चीच, असे कोणी बोलून दाखवले नाही इतकेच.

रात्री पाणी प्यायला उठलो तर माजघरात कंदील होता. आत्याने ट्रंकेतून मुलाची जुनी अंकलिपी काढली होती आणि ध या अक्षरावर बोट ठेवून ती बसली होती. मला पाहून तिने पुस्तक मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी साखरेची पुडी सोडली. कागद न पाहता चुरगळला आणि चुलीत टाकला.

तेव्हा मी उठलो आणि रस्ता ओलांडून समोरच्या जोत्यावर जाऊन बसलो. माझीच अक्षरे मी प्रथमच दुरून पाहत होतो. घान्य मांडार. स्पष्ट, काळेभोर, शंका घ्यायला जागा नाही असे. खालच्या ओळीत गावाचे नाव होते, तिथे ब च्या पोटातली तिरपी रेघ जाडीत बुडून गेली होती आणि चकलांब्याचे चकलांवा झाले होते. त्या सबंध पाटीवर बरोबर वाचणारी व्यक्ती गावात एकच होती.

देवनागरीची ही नाडी मला त्या जोत्यावर सापडली. ध आणि घ, भ आणि म, थ आणि य या जोड्यांत जो भेद आहे, तो बराचसा डोक्यावरच्या एका फटीचा आहे. शिरोरेषा उघडी राहिली तर ध, मिटली तर घ. अक्षर लठ्ठ करताना काळे चारी बाजूंनी वाढते आणि पहिला बळी त्या फटीचा जातो. रोमन अक्षराचे तसे नाही; तिथे 'एच' कितीही जाड केला तरी त्याचा दुसरा कोणी होत नाही. आणि पाय? रोमन अक्षरे जमिनीवर उभी असतात, म्हणून त्यांना बूट शोभतात. आपली अक्षरे वरच्या रेघेला टांगलेली असतात. शाळेत आपण ओळीखालीच नाही का लिहीत? भार आहे तो वर, माळवदाच्या तुळईवर. सूनबाईचे बरोबर आहे, आपला स्लॅब डोक्यावरच. शिवाय मी बूट घातले होते फक्त दांडीवाल्यांना. ड आणि र यांना दांडीच नाही, ते बापडे 'भांडार'च्या वरातीत अनवाणी चालले होते. आणि बाजूबाजूचे ठोकळे एकमेकांना भिडून खाली दुसरी रेघ झाली होती. वर रेघ, खाली रेघ, मध्ये उभे गज. सारी अक्षरे कोठडीत.

खरे तर जाडी ही आपल्या लिपीला परकी नाही. बोरूचे टोक तिरपे कापलेले असते. त्यातून उभी दांडी आणि आडवी शिरोरेषा दोन्ही भरदार उतरतात; बारीकपणा येतो तो वळणात. फिगिन्सला जे मुद्दाम करावे लागले, ते आपल्या लेखण्यांत आधीपासूनच होते. मी उगीच लंडनहून बूट आणायला गेलो.

पेंटर राहिलेले पैसे घ्यायला आला तेव्हा मी त्याला जोत्यावर नेले आणि कबूल केले. तो काही बोलला नाही. मला वाटले होते, पाटी पुसून पुन्हा करावी लागेल, नवा खर्च. त्याने काळ्या रंगाचा डबा उघडलाच नाही. पिवळा घेतला. बारीक ब्रशने त्याने काळ्याच्या आत पिवळे कोरले. ध चे तोंड उघडले, भ चे डोके मोकळे केले, आणि या फटी मला हास्यास्पद वाटाव्यात इतक्या रुंद ठेवल्या. ब च्या पोटात दोन तुकडे पिवळे घालून मधली रेघ वर काढली. शिरोरेषा दांडीपेक्षा सुतभर बारीक केली. शेवटी खालचे सगळे ठोकळे एका पट्टीने उडवले. "साहेब," तो म्हणाला, "आदी आतलं मोजायचं, मंग बाहेरचं भरायचं."

पुढे छापखान्यांच्या इतिहासात हेच पुन्हा भेटले. जावजी दादाजी चौधरी यांनी मुंबईत १८६४ साली टाइपाचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांनी त्यांच्यासाठी कोरलेल्या अक्षरांवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या वाचायला शिकल्या. पोलादी ठसा करताना कारागीर आधी अक्षराच्या पोटातली पोकळी करतो आणि मग बाहेरची कड तासतो. गेवराईच्या पेंटरला हे कोणी सांगितले असेल असे वाटत नाही. सरकारदरबारीही आत्याच्या बाजूचे लोक होते, हे मला फार उशिरा कळले. स्वातंत्र्यानंतर लिपिसुधारणेची जी चर्चा झाली, तीत ध आणि भ यांना सुरुवातीलाच ठसठशीत घुंडी द्यावी, म्हणजे घ आणि म यांच्याशी घोटाळा होणार नाही, अशी सूचना होती. १९५३ च्या लखनौ परिषदेत ख चा बंदोबस्त झाला, कारण तो सुटला की 'रव' वाचला जाई. एवढी विद्वान मंडळी ज्या फटीपायी बसली, ती मी चार बोटे जाड शिरोरेषेखाली बुजवून टाकली होती.

जाड अक्षर कसे हाताळावे, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली नावे पाहावीत. वर्तमानपत्रातली बोटभर जागा, शेजारी दहा नाटकांची गर्दी, आणि तरी नाव वाचताच नाटकाचा स्वभाव कळावा, असे ते अक्षर. २०२० च्या जुलैत ते गेले. त्यांची ठळकातली ठळक अक्षरेही श्वास घेताना दिसतात.

आत्याला पाटी दाखवायला मी बोलावले नाही. धाडस झाले नाही. ती सांजवातीच्या वेळी आपणहून बाहेर आली, रस्त्यापलीकडे गेली आणि उभी राहिली. ओठ हलताना दिसले, आवाज आला नाही. परत येताना माझ्यापाशी थांबून म्हणाली, "काल लई जाड झालं व्हतं बाबा. आत उजेडच नव्हता." एवढेच. रात्री जेवताना मिठाच्या पुडीचा कागद तिने मांडीवर घेऊन सरळ केला आणि कंदील जवळ ओढला.

ती पाटी पुढे पुष्कळ वर्षे होती. माळवद गेले, दुकानावर स्लॅब आला. आत्याही गेली. आता दुकान आतेभावाचा मुलगा पाहतो. तिकडे आता फ्लेक्सचे राज्य आहे. वाढदिवस असो, निवडणूक असो, की कोणाची नेमणूक, जाडजूड अक्षरे, त्यांना पांढरी कड, कडेला सावली, आणि सावलीला पुन्हा कड. संगणकावर बटण दाबले की अक्षर लठ्ठ होते. एक टाइप, मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनी केलेला 'बलू', अस्वलासारखा गुबगुबीत आहे, पण त्यात ध चे तोंड नीट उघडे असते. तो फुकट मिळतो, तरी बटण दाबून फुगवलेली अक्षरेच लोकांना जास्त का आवडतात हे मला कळत नाही.

या दिवाळीला दुकानाची पाटी नवी करायची म्हणून त्या मुलाने फोनवर नमुना पाठवला. लाल जमीन, पांढरी जाड अक्षरे. "काका, कसा वाटतो?"

मी लिहिले, "फोन समोरच्या जोत्यावर ठेव, आणि दुकानाच्या दारातून बघ."

"एवढ्या लांबून?"

"एवढ्याच."

बराच वेळ काही आले नाही. मग उत्तर आले, "बघितलं. ध आणि भ दोन्ही उघडे आहेत. ब जरा बुजलाय. सांगतो त्याला."